परशाच्या शॉकअपमधलं ऑईल

प्रिय परशा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू होतास तेव्हा शहापूर ते येळ्ळूर गाडीवर वीस मिनिटांचं अंतर, त्यात पत्र कसलं लिहायचं? आज लिहितोय, कारण काल तुझ्या गाडीचा पुढचा शॉकअप उघडला. अकरा वर्षांनी माझा हात त्याला लागला, आणि जे काही बाहेर आलं ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

सुप्रियाचा फोन आला होता. "काका, आप्पांची गाडी मी वापरणार हाय. रोज येळ्ळूर ते कोर्ट. फुडचा शॉकअप गळालाय, खंडेनवमीच्या आधी करून द्या की." मी नेहमीचं डोळ्यांचं कारण सांगितलं. तर तुझी मुलगी म्हणते कशी, "बघायला मी हाय की! तुम्ही नुसतं सांगा." आता वकीलबाईंपुढे मी काय बोलणार?

आपलं दोघांचं वेडच होतं ते. तीस वर्षं तू माझ्या गाडीच्या कंपनीचं नाव तोंडानं घेतलं नाहीस आणि मी तुझ्या. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या जुन्या बायकांसारखं! "तुमची ती" आणि "आमची ही", एवढ्यावर भागायचं. माझी टू-स्ट्रोक, तुझी फोर-स्ट्रोक. माझी सुरू झाली की तू नाकाला रुमाल लावायचास, तुझी सुरू झाली की मी विचारायचो, कुणाच्या विहिरीवर इंजिन लावलंय रे? कॅम्पातल्या हॉटेलात दर रविवारी आपल्या चौघांचा चहा याच भांडणावर व्हायचा. आजही तुझ्या कंपनीचं नाव लिहीत नाही. उगाच वर बसून नाचशील.

पण एवढी भांडणं असून एक रीत तूच घातलीस. दर दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला गाड्यांची पूजा व्हायच्या आधी तुझा शॉकअप मी करायचा आणि माझा तू. आपल्या गाडीला आपण हात लावायचा नाही. "आपलं पोर आपल्याला गोडच दिसतंय मास्तर. शेजाऱ्यानं बघिटलं की खोट सापडती," हे तुझं म्हणणं. चाक काढायचं, शॉकअपचे दोन्ही पाय सोडवायचे, जुनं ऑईल सांडायचं, नवं सील बसवायचं, मोजून ऑईल भरायचं. आणि हे सगळं होईपर्यंत ज्याची गाडी त्यानं बाजूला बसून शिव्या खायच्या. किती मजा होती!

त्या मजेत माती मी कालवली.

अकरा वर्षांपूर्वी आंबोलीच्या चढावर तू मला मागं टाकलंस. टाकलंस ते टाकलंस, वर पोचून पाण्याची बाटली घेऊन रस्त्यात उभा राहिलास. "या, या! बैल दमलाय, पाणी पाजूया!" आणि ती गोष्ट पुढचे चार रविवार हॉटेलात रंगवून सांगितलीस. मी वरवर हसत होतो, पण आतून जळत होतो. मग खंडेनवमी आली, तुझी गाडी माझ्या अंगणात आली. तू कॅम्पात कामासाठी गेलास. मी शाळेतल्या मोजपात्रानं शॉकअपचं ऑईल मोजायला घेतलं आणि शेजारी इंजिन ऑईलचा डबा दिसला. जाड, चांगलं घट्ट. तेच ओतलं. दोन्ही पायांत सारखं मोजून ओतलं बरं का, खोडीतसुद्धा माप चुकू दिलं नाही!

जाड ऑईलनं शॉकअप ताठतो. खड्ड्यात चाक वर येतं, पण वेळेवर खाली जात नाही, आणि सगळे दणके मनगटाला बसतात. हे विज्ञानाच्या मास्तराला कुणी सांगायला नको. आठवडाभर मनगटं चोळत फिरू दे, रविवारी सगळ्यांसमोर सांगू आणि लगेच बदलून देऊ, एवढाच बेत होता. शपथेवर सांगतो, एवढाच.

रविवारी तू आलास आणि बसायच्या आधीच म्हणालास, "मास्तरानं काय शॉकअप केलाय रं! लोण्यावरनं चालल्यागत वाटालंय!" बाकीच्या दोघांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला तर रागच आला. म्हणजे माझी खोडसुद्धा तुमच्या त्या गाडीला मानवली! कसं सांगणार? म्हटलं, पुढच्या रविवारी बघू.

पुढच्या रविवारीही तू तेच म्हणालास. त्याच्या पुढच्या रविवारी आपण निपाणीला निघालो आणि संकेश्वरच्या अलीकडं तू पडलास.

ट्रॉलीतनं सांडलेला ऊस रस्त्यावर होता, हे मी मागून बघितलं होतं. पण मला ऊस दिसत असून दिसत नव्हता. मला फक्त तुझं पुढचं चाक दिसत होतं, जमीन सोडून उडालेलं. खांद्याचं हाड मोडलं आणि उजवा गुडघा कायमचा गेला. दवाखान्यात मी सगळं सांगायचं ठरवूनच आलो होतो. वैनी मोसंबी सोलत बसल्या होत्या. तू मला बघून म्हणालास, "मास्तर, तुमची ती असती तर पडायच्या आधीच बंद पडली असती!" सगळे हसले. मी विचारलं, दूध आणू का? आणि उठलो.

तेव्हापासून तुला किक मारता येईना. दर रविवारी हॉटेलापुढं तुझ्या गाडीला किक मी मारायचो. तू गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचास, "बघा, बघा! त्यांच्या कंपनीचा माणूस आमच्या गाडीची सेवा कराल्याय!" लोकांना ती थट्टा वाटायची. मी मात्र मुकाट्यानं शिक्षा भोगत होतो. पण शॉकअपला मी परत हात लावला नाही. दर दुसऱ्या वर्षी तू विचारायचास, "मास्तर, औंदा करतोस न्हवं?" आणि मी म्हणायचो, डोळे गेले रे, गॅरेजला दे. माझीही मी गॅरेजला टाकायला लागलो. असं पाच वेळा झालं. मग गेल्या दिवाळीच्या आधी तू अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तर काल. तुझ्या अंगणात गाडी स्टँडवर घेतली, इंजिनखाली दगड लावले, चाक काढलं. डोळे ठणठणीत आहेत हे सुप्रियाच्या लगेच लक्षात आलं. सील बसवलं. तिनं ऑईल मोजून घेतलं आणि ओतायला वाकली. तिथं माझा धीर सुटला. तिच्या बापाच्या गाडीत माझ्या देखत पुन्हा ऑईल पडणार, आणि मी गप्प बसणार?

"सुप्रिया, थांब," म्हटलं. आणि सांगितलं. आंबोली, डबा, तीन रविवार, सगळं. ती उकिडवी बसून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मग आप्पांचा गुडघा...?"

"माझ्यामुळं," मी म्हणालो.

तिनं मोजपात्र खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही मला घरी जा म्हणेल, आणि म्हणाली तर तिचं काही चुकणार नाही.

तेवढ्यात सोप्याच्या दारातनं वैनींचा आवाज आला. "ते ऑईल त्यांनी कवाच काढलंतं की ओ मास्तर!"

परशा, मी पान्हा खाली ठेवला. वैनी पायरीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. "तुमच्याकडनं गाडी घिऊन आले, तवाच म्हणाले, ताठल्यागत वाटालंय. खालचा स्क्रू काढला, बोटाला लावून बघिटलं आन् जे हसत सुटले! मला हाका मारून दावलं. बघ गं, आमच्या इज्ञानाच्या मास्तरानं काय घाटलंय! त्याच दिवशी दुसरं भरलं. पडले ते उसावरनं पडले. तवा तुमचं ऑईल गाडीत कुटं हुतं?"

मग त्या आत गेल्या आणि माळ्यावरनं एक बाटली घेऊन आल्या. धुळीनं माखलेली, आत काळपट ऑईल. गळ्याला दोऱ्यानं कागद बांधलेला, त्यावर तुझं ते वाकडं अक्षर: "मास्तराला दाखवायचं."

"कवा दावायचं म्हणून लई डाव इचारलं मी," वैनी म्हणाल्या. "म्हणायचे, त्यो सांगाय आला की. सांगितल्याबिगर ऱ्हायाचा न्हाय त्यो."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि लगेच तुझा असा राग आला! अकरा वर्षं कुढलो, परशा! एक शब्द बोलला असतास तर तुझं काय गेलं असतं? दर रविवारी "मास्तरानं केलेला शॉकअप" म्हणून माझ्या तोंडाकडं बघायचास, ते काय नुसतं चिडवायला? की मला बोलायला जागा करून देत होतास? आणि मी चहाच्या कपात बघत बसायचो!

मी गुडघ्याचं मनाला लावून घेतलंय, हे तुला माहीत होतं का? वैनी म्हणतात, नव्हतं. "कळलं असतं तर त्या पायानं बाटली घिऊन पळत आले असते तुमच्याकडं." ते मला पटतं. म्हणजे तुला वाटत होतं, मास्तर खोड विसरला. आणि मला वाटत होतं, मी तुला लंगडा केला. एका टेबलाला गुडघ्याला गुडघा लावून बसणारी आपण माणसं!

वैनींनी आणखी एक सांगितलं, ते मात्र सांगायला नको होतं. तू गाडी गॅरेजला घेऊन जायचास, काम होईपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसायचास आणि घरी येऊन म्हणायचास, "मजा न्हाय गं. कोण शिव्याच देत न्हाय."

गुडघ्याला मी कारण नव्हतो. ह्याला मीच कारण. तू पाच वेळा विचारलंस, मी पाच वेळा तुला त्या बाकड्यावर पाठवलं.

शॉकअप छान झालाय. ऑईल सुप्रियानंच ओतलं, मी नुसतं माप बघितलं. वेशीपर्यंत चक्कर मारून आली आणि म्हणाली, "काका, एकदम भारी! तुमच्या त्या गाडीला असं जमंल काय?" रक्त तुझंच आहे, दुसरं काय!

आता ऐक. येत्या रविवारी मी ती बाटली कॅम्पातल्या हॉटेलात टेबलावर ठेवणार आणि सगळ्यांसमोर काय केलं ते सांगणार. आंबोलीचा बैल सोडणार नाही, डोळ्यांचं खोटं कारणही सोडणार नाही. आणि दर दुसऱ्या वर्षी सुप्रियाचा शॉकअप मी करणार, हात चालतात तोवर, तोंडभर शिव्या देऊन. तुझी मुलगी बाकड्यावर एकटी बसणार नाही, हे माझं वचन.

तू म्हणाला होतास, मास्तर सांगायला येईल. येतोय रे. उशीर झाला. मला माफ कर.

तुझाच,
मास्तर