जांभ्यावर ठोकलेले बूट

३ नोव्हेंबर
नवे जोडे बंद. घरातले जुने पाच जोड स्वतः दुरुस्त करून वापरणार. सून दर्शना म्हणाली, बाबा, शुगरने पाय बधिर झालेत, डॉक्टरांनी मऊ चपला सांगितल्यात. बधिर नव्हेत, कणखर. मालगुंडच्या शाळेत मी सातवीपर्यंत अनवाणी गेलो.

५ नोव्हेंबर
पहिला मान काळ्या बुटांना. सोल जुन्या टायरचा. बुटात घालायची लोखंडी ऐरण नव्हती, म्हणून आत जांभ्या दगडाचा तुकडा कोंबला नि वरून खिळे मारले. शाळेतल्या कवितेच्या चालीवर. एका कडव्यात बारा खिळे. जांभा मऊ, खिळा कसा सुरेख शिरतो! वर्गात पाठांतरात पहिला असायचो.

६ नोव्हेंबर, सकाळी
नाक्यावर जोडे शिवणाऱ्या भागोजीला बूट दाखवले. म्हणाला, "तात्या, आमी लोखंडावर ठोकताव म्हणून टोक वळतंय. तुमची टोकं आत सरळ उभी असतील. घालू नका." धंद्याची भीती, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
मांडवीपर्यंत चालत गेलो, आलो. एकही खिळा टोचला नाही. भागोजीला कळवलं पाहिजे. उजवा मोजा ओला झाला. घाम.

१३ नोव्हेंबर
मोजा तळव्याला चिकटला होता. दर्शनाने कोमट पाण्याने सोडवला. पाणी लाल. "बाबा, खरंच दुखत नाही?" नाही, म्हटलं, थोड्या अभिमानानेच. तिचे डोळे का भरले, कळलं नाही. हळद लावली. दवाखाना उद्या. आज तपकिरी जोड पुरा करायचाय.

१७ नोव्हेंबर
दवाखाना राहिला. तपकिरी जोडाचं एक कडवं आठवेना, त्यात दिवस गेले. खोलीत वास. माळ्यावर घूस मेली असणार. मुलाला, रितेशला, शिडी लावायला सांगितलं. तो माळ्यावर चढला नाही. माझं पांघरूण वर करून पाय पाहिला आणि रिक्षा आणायला गेला.

१८ नोव्हेंबर, सिव्हिल
सर्जन तरुण. तरुणांना घाई फार. पायाचा नुसता अंगठा कापून भागवा, असं त्याला सुचवलं. त्याने रितेशला बाहेर नेलं. सही रितेशने केली.

२ डिसेंबर
घरी आणलं. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. गंमत म्हणजे जिथे तो नाही, तिथे आता ठणकतं.

दर्शनाने पाचही जोड ओटीवर मांडले. मग हळूच म्हणाली, "बाबा, उजवे टाकू?"

टाक, म्हटलं. ती एकेक पिशवीत भरत होती, तोवर मी भिंतीकडे बघत होतो.