बहीणभावांनी एका खोलीत पाहिलेला सिनेमा

नेइआफू, वावाऊ बेट
६ जून १९९४

चि. फेआओ यास मेलेआनेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे. कोनफळे यंदा उत्तम आली. क्षेमकुशल एवढ्यावरच थांबवते, कारण मी रागावले आहे, आणि रागाचे पत्रही मुद्देसूद असावे असा माझा आग्रह आहे.

आपली शेजारीण लोसा ऑकलंडहून परतली. तिथे तुझ्याकडे भांडे परत करायला गेली, तेव्हा तुझी मुले किटिओने आणि लाविनिया, सख्खे भाऊबहीण, टीव्हीसमोर एकाच चटईवर बसून सिनेमा पाहत होते, असे तिने चर्चच्या पायऱ्यांवर सर्वांदेखत सांगितले. सिनेमाही कसला, तर परग्रहावर माणसे माणसांना गोळ्या घालतात आणि रक्त थेट काचेवर उडते! मुख्याध्यापिकाबाईंच्या, म्हणजे माझ्या, भावाकडे आता नवी रीत दिसते, असेही वर म्हणाली.

परदेशात घर लहान असते, असे तू म्हणशील. हा युक्तिवाद टिकत नाही. आपले घर त्याहून लहान होते. तरी मी आत आले की तू खिडकीतून उडी मारून बाहेर जात होतास, आणि मला त्यात मान वाटे. भावाने बहिणीसमोर काय पाहू नये, हे पडद्यावर काय येते यावर ठरते. पडद्यावर काय येणार, हे आधी कुणालाच ठाऊक नसते. म्हणून आपल्या बेटावर मोठे झालेले भाऊबहीण एका खोलीत बसतच नाहीत. यात कुठे फट असेल तर दाखव.

सबब, नोव्हेंबरात लाविनियाच्या एकविसाव्या वाढदिवसाला मी येणार नाही. आत्याची मानाची जागा रिकामी राहील. लोकांनी विचारले तर कारण सांगून टाक.

राग आहे, माया कमी झालेली नाही. दोन्ही जपून ठेव.

तुझी बहीण,
मेलेआने


ऑकलंड
१९ जून १९९४

ती. आत्यास लाविनियाचा सादर नमस्कार. वि. वि.

पत्र बाबांच्या नावावर होतं, उत्तर मी देतेय. ते आल्यापासून बाबा धड जेवत नाहीत. आई म्हणाली, बाबांच्या चुलतबहिणीला तुमच्या जागी बसवू. मी म्हटलं, मग केकही तिच्याच वाढदिवसाचा कापा, मी येत नाही.

लोसाकाकूंनी पाहिलं ते खरं आहे. पण त्या भांडं ठेवून निघून गेल्या, पुढचं पाहायला थांबल्याच नाहीत. सिनेमात एक पहारेकरी बाई आहे. दोषी कोण ते एक यंत्र ठरवतं आणि ती गोळी घालते. यंत्र कधीच खोटं बोलत नाही. आरोपीला मात्र कधीच काही विचारत नाही. मग एके दिवशी तिच्यासमोर तिचाच सख्खा भाऊ उभा केला जातो. ती रडायला लागली आणि आमचा किटिओने मान खाली घालून उठला, वाकून बाहेर ओट्यावर गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इथे हे हिवाळ्याचे दिवस, बाहेर थंडी अशी, की तोंडातून वाफ निघत होती! बाबा म्हणाले, ये आत, सिनेमाच तर आहे. तो म्हणाला, रडणारी सिनेमातली असेल, शेजारी बसलेली लाविनिया खरी आहे. मी रडत होते, आत्या. ते त्याला न बघताच कळलं होतं.

तर हा तुमचा बेशिस्त भाचा!

मला त्या यंत्राचा राग आला होता. तुमचं पत्र वाचल्यावर तो दुप्पट झाला. शाळेच्या वादसभेत तुम्हीच मुलांना सांगायचात म्हणे, की दुसरी बाजू न ऐकता निकाल देणाऱ्याला खाली बसवा. बाबांना एक प्रश्न तरी विचारायचात! उद्धटपणा झाला असेल तर रागवा, पण इथे येऊन रागवा.

तुमची जागा कुणालाही न देणारी,
लाविनिया


नेइआफू
४ जुलै १९९४

चि. लाविनियास अनेक आशीर्वाद. वि. वि.

उद्धटपणा झालाच आहे. मात्र उद्धटपणे मांडला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. माझा निष्कर्ष लोसाच्या साक्षीवर उभा होता आणि साक्ष अर्धी होती. निष्कर्ष मागे घेते. मला यंत्राच्या पंगतीला बसवलेस, ते मात्र चूक: यंत्र निकाल फिरवत नाही.

राग शिल्लक आहे, तो योग्य पत्त्यांवर पाठवते. रविवारी लोसाला त्याच पायऱ्यांवर, तेवढ्याच लोकांदेखत, ओट्यावरची हकीकत सांगायला लावली. मी काही खोटे बोलले नव्हते, असे ती म्हणू लागली. म्हणूनच तर उरलेले खरेही बोल, असे मी म्हटले. तुझ्या बापाची गोष्ट निराळी. मुलगा थंडीत उभा आणि हा सिनेमा चालूच ठेवतो! बंद करायचा होता. निदान कोट तरी नेऊन द्यायचा. आणि दोघांना एका चटईवर बसवले, हे मी आजही मान्य केलेले नाही.

नोव्हेंबरात येते. तुझ्या आहेराची चटई विणायला घेतली आहे. तो सिनेमा आणून ठेव; माझी तुलना कुणाशी झाली, ते मला पाहायचे आहे. तू आणि मी आत बसू. फेआओ माझा भाऊ, किटिओने तुझा. तेव्हा ते दोघे ओट्यावर, खिडकी उघडी ठेवून. पडद्यावर काय चालले आहे ते मी त्यांना मोठ्याने सांगत जाईन, बहिणीच्या तोंडी शोभेल अशा शब्दांत, पण काहीही न वगळता.

तुझ्या रागावरही लोभ असलेली,
आत्या