महिन्यातून दोनदा

॥ श्री ॥
मोताळा, ता. ६ जानेवारी १९४१

ती. अक्काच्या सेवेशी,
प्रेमलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू खामगावच्या मुलींच्या शाळेत शुद्धलेखन शिकवतेस, तेव्हा माझ्या पत्रावरही लाल शाई फिरवशील. फिरव बापा! मी आपली घरचंच बोलणं लिहिते. थोरली मजेत आहे, धाकटीले दात येऊन राह्यले. सासूबाईंचं सोवळं-ओवळं तसंच कडक.

अक्का, आता खरं ते लिहिते. मले फार भेव वाटून राह्यलं. धाकटीच्या वेळेस माझे काय हाल झाले ते तू पाहिलंच. यापुढचं बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी यांले बजावून सांगतलं होतं. सासूबाईंले नातू पाहिजे, म्हणून त्यांच्या कानावर आम्ही ते घातलंच नाही. आम्ही जपूनच असतो. न्हाल्यावरच्या आठ-दहा दिवसांतच दिवस राहतात, असं सगळ्या बायका म्हणतात. तेवढे दिवस दूर राहतो, पुढं मग काही भेव नाही असं समजतो. तरी या खेपेस तारीख उलटून आठवडा झाला. सकाळी उठली की आधी तेच पाहते. मी गेली तर या दोन पोरी कोणाच्या पदरात टाकू? तू डॉक्टरीणबाईंले विचार. अन् उत्तर कार्डावर नको देऊ, इथं पोस्टमनपासून सगळे वाचतात.

बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
प्रेमला


खामगाव, ता. ९ जानेवारी

चि. सौ. प्रेमला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. शाळा सुटल्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अगं, तुम्ही नेमकं उलटं करत होतात! त्या म्हणाल्या की बाईच्या पोटात दर महिन्याला एक बीज पिकतं आणि पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. ते जेमतेम दिवसभर टिकतं, पण पुरुषाचं बीज बाईच्या पोटात चार-पाच दिवस जिवंत राहू शकतं. म्हणजे तुम्ही निर्धास्त होता ते मधले दिवसच सगळ्यांत धोक्याचे. आणि मोजायचं ते न्हाल्या दिवसापासून नव्हे, पाळी येऊन कडेला बसल्या दिवसापासून.

शिवाय हा हिशेब पक्का नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. ताप आला, काळजी लागली, मूल अंगावर पीत असलं, की पाळी मागेपुढे होते आणि ते दिवसही सरकतात. म्हणून मधला पंधरवडाच सोडून द्यावा म्हणाल्या. तुझा उशीर काळजीनंही असेल. आणखी आठवडाभरात काही झालं नाही तर अनंतरावांना घेऊन सरळ इकडे ये. हे पत्र त्यांना वाचायला दे, लाजू नकोस.

देवापाशी तुझंच मागणं मागते आहे.
तुझी,
प्रतिमा


मोताळा, ता. २४ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

अकरा तारखेले मी कडेला बसली! पोत्यावर बसून पोटभर रडली. सासूबाईंले वाटलं पोट दुखून राह्यलं. संक्रांतीले न्हाली, सगळ्यांले तिळगूळ दिला.

तुझं पत्र यांले दाखवलं. वाचलं, मान हलवली, अन् चार दिवसांत विसरले. माणूस वाईट नाही गं, पण मले काही होईल हे यांच्या मनात शिरतच नाही. डॉक्टरीणबाईंचं यांले भेव नाही, विटाळाचं मात्र आहे. कडेला बसलेल्या बायकोले शिवलं तर आई चुलीपाशी फिरकू देणार नाही, हे पक्कं ठाऊक. म्हणून अक्का, मी पाप केलं. एकोणीस तारखेले सांगतलं, मले पुन्हा कावळा शिवला. तेव्हापासून मागच्या ओसरीत बसली आहे, खोटंच. चौथ्या दिवशी न्हायचं, तर अजून थांबलंच नाही म्हटलं. घरचं हळदीकुंकू राह्यलं. सासूबाई काळजीत पडल्या. बाजाराच्या दिवशी भगवंतराव वैद्य येणार, त्यांले नाडी दाखवू म्हणतात. ते काय सांगतील? काल सासूबाई गोठ्यामागच्या दोरीकडे कितीतरी वेळ पाहत उभ्या होत्या. अक्का, दोरी रिकामी होती. खोट्या विटाळाची फडकी मी कुठून वाळत घालू? माहेरी पाठवलं तर पोरी इथंच ठेवून घेतील.

रागाव, पण टाकू नको.
तुझी,
प्रेमला


खामगाव, ता. २७ जानेवारी

चि. सौ. प्रेमला हिस आशीर्वाद.

रागावू कशी? मला तुझी काळजी खाते आहे. पण बाई गं, ज्या बाईनं दोरी पाहिली तिला सगळं कळलं. वैद्य यायच्या आधी तूच सांग. तुझ्या जिवाची गोष्ट आहे, यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. घराबाहेर काढलंच तर पोरींना घेऊन इकडे ये, माझ्या दोन खोल्या तुमच्याच आहेत.

उलट टपाली लिही, माझा जीव टांगणीला आहे.
तुझी,
प्रतिमा


मोताळा, ता. ३१ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सांगतलं गं. सासूबाई दारात उभ्या, मी पोत्यावर. दवाखान्याचं, तुझ्या पत्राचं, खोट्याचं, सगळंच. त्या आत गेल्या अन् दार लावून घेतलं. मले वाटलं, संपलं! आता माझं गाठोडं बाहेर येईल.

सकाळी उठून पाहते तर गोठ्यामागच्या दोरीवर चार ओली फडकी. माझी नव्हती. काठावरून ओळखली, सासूबाईंच्या जुन्या जांभळ्या लुगड्याची होती. अन् त्या एवढ्या थंडीत विहिरीवर दुसऱ्यांदा डोक्यावरून पाणी घेऊन राह्यल्या होत्या.

यांले जेवायले वाढताना त्यांनी सांगतलं की सुनेची तब्येत नाजूक आहे, यापुढं ती महिन्यातून दोनदा कडेला बसेल, अन् तिच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहायचं नाही. यांनी काऊन म्हणून विचारलं, तर बायकांच्या गोष्टीत नाक खुपसू नको म्हणाल्या. वैद्याले परस्पर निरोप गेला, येऊ नका.

मग माझ्यापाशी आल्या. नातू मले पाहिजेच होता, म्हणाल्या, पण तुझ्या जिवाच्या बदल्यात नको. मी पायावर डोकं ठेवायले वाकली, तर झटकन मागं सरल्या. शिवू नको म्हणाल्या, तू कडेला बसलेली आहेस.

आमच्या सासूबाईंचा तुले आशीर्वाद. माया अशीच राहू दे.
तुझी,
प्रेमला