मीच ती सरजा

गोदाकाठ,
बाजारचा दुसरा दिवस

तीर्थरूप भगवानदादांना,

धाकट्या सरजाचा दंडवत. (गुडघे वाकत न्हाईत, म्हणून कागदावरच वाकले असं समजा.) तुमचा दमा कसा हाय? देवगाव फाट्याला धूळ लय, तोंडाला रुमाल बांधत जा. कंडक्टरकी सुटून इतकी वर्षं झाली तरी तुमी रोज फाट्यावर बसून गाड्या टायमावर येतात का ते बघायलेत, असं कानावर आलं. बघा, पण सावलीत बसून बघा. वहिनींना सांगा, लोणचं नातवंडांनी चाटूनपुसून खाल्लं. बरणी मला आवडली, ती आता मागू नका.

आमी इकडं खुशाल हावोत. पोरगा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर गेलाय, घरी मी, सून ज्ञानेश्वरी आणि लेकरं. आता पत्र का लिहायले, ते सांगते. मालक गेल्यापासून मला चप्पल लागली तरी पोराला सांगावं लागतं. पोरगा कधी न्हाई म्हणत न्हाई. पण चप्पल आली की ज्ञानेश्वरी सगळ्या गल्लीला हाक मारून दाखवती, सासूला नवी चप्पल आणली म्हणून. (सून वाईट न्हाई, आवाज मोठा हाय.) म्हणून मनात घेतलं की सरकारचा निराधारचा पगार लावून घ्यावा. आपली चप्पल आपण आणावी, गुपचूप घालावी.

तालुक्याला गेले. खिडकीतल्या साहेबानं कागदं पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा कागदं पाहिली. मालकाचं नाव विचारलं. दादा, जे नाव मी उखाण्याबिगर कधी तोंडातून काढलं न्हाई, ते त्या खिडकीवर चारचौघांत मोठ्यानं घ्यावं लागलं, कारण साहेबाला ऐकू कमी येतं. लिंबाजी म्हणले तर त्यानं शिवाजी लिहिलं. पुन्हा घेतलं. मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसायल्या.

मग साहेब म्हणला की ही योजना विधवा बायांसाठी हाय, आणि आधार कार्डावर तुमी पुरुष हाव. कार्ड काढताना कुण्या शहाण्यानं "सरजा लिंबाजी" एवढंच वाचलं आणि मला बाप्यांत घातलं. आमच्या बापानं बैलाला ठेवायचं नाव लेकीला ठेवलं, त्याचं फळ मी म्हातारपणी खायले. मी म्हणले, "साहेब, पुरुष असते तर बापानं जमिनीत वाटा न्हाई का दिला असता?" त्यानं कागदं माझ्याकडं सरकवली. मग म्हणला की आधी कार्ड दुरुस्त करून आणा. (दादा, जमिनीचं आपलं सहज बोलण्यात आलं. तुमी मनावर घेऊ नका.)

कार्ड दुरुस्त करायला पुन्हा हेलपाटे. पण झालं एकदाचं. मी पुन्हा बाई झाले. घरी येऊन ज्ञानेश्वरीला सांगितलं, तर तिनं तेपण गल्लीला सांगितलं.

मग अर्ज भरायला ओमप्रकाशच्या सेवा केंद्रात गेले. ओमप्रकाश म्हणजे आपल्या किराणावाल्याचा जावई, माणूस लय शांत. त्यानं मशिनीवर अंगठा ठेवायला लावला. अंगठा उमटंना. दुसरी बोटं ठेवली, तीपण उमटनात. कापूस वेचून आणि ऊस तोडून बोटं कोयत्याच्या दांड्यावानी गुळगुळीत झाली, त्यावर रेघा कुठून राहणार? कुणी म्हणलं लिंबू चोळा, कुणी म्हणलं खोबरेल लावा. मी दोन्ही केलं. हाताला वास फोडणीचा यायला लागला, पण मशिनीला काही पटंना.

मग ओमप्रकाशनं मोबाइल तोंडासमोर धरला. म्हणला, मावशी, चेहऱ्यावरून ओळख पटती, फक्त डोळ्याची पापणी हलवा. आता पापणी आपोआप हलती तोवर ठीक असती. कुणी हलव म्हणलं की ती दगड होती. मी जोर लावला तर दोन्ही डोळे मिटून गेले, तोंडपण मिटलं. पुन्हा जोर लावला तर एकच डोळा मिटला. आणि नेमका त्याच टायमाला मोबाइलच्या मागच्या बाकावर बजरंग पाटील बसलेले. (तेच, ज्यांची बायको तीन वर्षांमागं वारली.) त्यांना वाटलं, सरजाबाईनं डोळा मारला. बिचारे उठून बाहेरच गेले. दुसऱ्या दिवसापासून मिशीला काळं लावून आमच्या दारावरून जायलेत. लेकरांना गोळ्या देतात. मी आता अंगणात डोळे उघडे ठेवूनच झाडते.

चेहराबी जुळला न्हाई. मग ओमप्रकाश म्हणला की एकच रस्ता राहिला, कार्डाला जोडलेल्या मोबाइलवर आकडा येईल, तो सांगायचा. आणि दादा, तो मोबाइल तुमचा निघाला. कार्ड काढलं तवा मी दिवाळीला तुमच्याकडं होते, माझ्याजवळ फोन नव्हता, तुमीच तुमचा नंबर दिला होता.

गेल्या बिस्तरवारी तुमाला ज्याचा फोन आला तो चोर नव्हता. तो ओमप्रकाश होता. तुमी त्याला म्हणले की आकडा कुणालाच सांगायचा न्हाई हे मला माहीत हाय, आणि पोलिसांत देतो. मग मी फोन घेतला. म्हणले, "दादा, मी सरजा बोलायले." तुमी म्हणले, आजकाल चोर बायांचे आवाजपण काढायलेत. आणि मला विचारलं, "खरी सरजा असशील तर सांग, लहानपणी आपल्या म्हशीचं नाव काय होतं?"

दादा, मला इतका आनंद झाला. साहेबाला पटले न्हाई, मशिनीला पटले न्हाई, पण हे तर मला ठाऊक होतं. मी म्हणले, "चांदी." तुमी म्हणले, "भुरी होती," आणि फोन कापला. त्यानंतर आमचा एकबी फोन तुमी उचलला न्हाई. ओमप्रकाशनं मला पाणी पाजलं. म्हणला, मावशी, तुमी पत्र लिहा, पत्राला माणूस भीत न्हाई. म्हणून हा उद्योग. वहिनींना नमस्कार, लेकरांना पापे.

तुमची धाकटी,
सरजा

ता. क. आकडा पत्रात लिहून धाडू नका. तो दहा मिनिटांत शिळा होतो म्हणं. सोमवारी सकाळी ओमप्रकाशच्या फोनवरून मी स्वतः बोलेन. फोन उचला.

ता. क. दुसरं. तुमी म्हशीचं नाव विचारा, मी भुरी म्हणेन. मग आकडा सांगा.

ता. क. तिसरं. (हे सोमवारी आकडा सांगून झाल्यावर वाचा.) म्हैस चांदीच होती. भुरी शेजारच्या छबूबाईची. तिच्याकडं दूध आणायला तुमी आपण होऊन रोज का जायचे, ते मी आजवर वहिनींना सांगितलं न्हाई.