चादरीचं दुसरं टोक

२ मार्च
लागले बाई एकदाची कामाला! हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री आहे. उबदार हॉल, साबणाचा वास. घडी दोघींनी घालायची: एकेक टोक धरायचं, ताणायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. माझी जोडीदारीण इतकी उंच की सगळ्या तिला ‘शिडी’ म्हणतात. तिच्याकडून चादर घसरगुंडीसारखी माझ्यावर उतरते. हसून हसून पोट दुखलं, आणि खांदे तर विचारूच नका. सुट्टीत शिडीने दुखण्यावरची गोळी मोडून अर्धी माझ्यासमोर ठेवली. इथली रीतच आहे म्हणे, जिने दुसरं टोक धरलं तिला अर्धी द्यायची. अर्धीने काही सवय लागत नाही, असं म्हणाली. नोकरीत कायम झाले की लेकीला बहिणीकडून घेऊन येणार.

२० मार्च
खांदे गप्प झालेत. माझ्या जागी आधी एक बुटकी होती. सुट्टीत बाकावर टेकली ती उठलीच नाही. मुकादम म्हणतो, हृदय बंद पडलं. आज लाँड्रीच्या नर्सबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, गोळ्यांनी गेली. या गोळ्या अफूच्याच जातीच्या, अर्धीनेही चटक लागते. आपणहून सांगेल तिची नोकरी जाणार नाही, उपचारही मिळतील. आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. गेलं कुणीच नाही.

११ एप्रिल
अर्धीने भागत नाही. घेतली नाही तर नाक गळतं, पाय झटके देतात. शिडी नर्सबाईंकडे जाऊन सगळं सांगून आली, उपचारासाठी रजेवर आहे. मी तिला भित्री म्हणाले. आज टेबलाशी एकटीच होते. चादर झटकली आणि समोरून कुणीतरी टोक उचललं. घडी घालताना तोंड कोण बघतं, मध्ये चादर असते. सवयीने अर्धी समोर ठेवली. पाणी पिऊन आले तर नव्हती. मग लक्षात आलं, आज चादर माझ्याकडे उतरत नव्हती. पलीकडे उतरत होती.

१६ एप्रिल
रोज येते. अर्धी ठेवली नाही तर चादर हिसकते. आज कोपरा घेताना तिची बोटं लागली. गार. नखं निळी— मुकादमाला विचारलं, माझ्यासमोर कोण असतं? म्हणाला, एकटीच छान घालतेस की.

१९ एप्रिल
बहीण रविवारी लेकीला आणून सोडतेय. तिच्या घरी आजारपण आहे. त्याआधी हे सुटायला हवं. नर्सबाईंच्या दारापर्यंत गेले. आत त्या एकट्याच होत्या. तरी परत—

२५ एप्रिल, रविवार दुपार
लेक आली! धुतलेली चादर घडी करताना तिने हट्टाने दुसरं टोक धरलं. माझ्या कमरेएवढी ती, चादर तिच्याकडेच उतरणार. खूप हसलो. दमून तिथेच झोपली. उद्या नर्सबाईंना सगळं सांगणार, अगदी नक्की. मघाशी घडी होताच, ती जागी असतानाच, आजची शेवटची म्हणून मोडली, माझी अर्धी घेतली, सवयीने दुसरी समोर ठे—
समोर नाही.
बुटकीने नेली असेल. तिनेच. देवा, तिनेच नेलेली असू दे.
हाका मारतेय. लेक हूं करत नाही. तिची नखं—