डावीकडून गेलेली लाईन

४ ऑगस्ट
नवीन भूलतज्ज्ञ डॉ. योगिनी येऊन दोन महिने झाले. मुलांच्या मानेत सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेतली औषधाची नळी, घालायची म्हटलं की सगळं हॉस्पिटल तिच्याच नावाचा जप करतं. ती सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर बघत सुई घालते. टीव्ही बघत भाजी निवडावी तसं! मी नुसत्या बोटांनी शीर शोधतो. रत्नागिरीत असं बोट दुसरं नाही.
हेवा अजिबात वाटत नाही. फक्त झोप लागत नाही.
संकल्प: उद्यापासून तिच्याशी हसून बोलणे.

५ ऑगस्ट
हसलो. तिने विचारलं, सर, दात दुखतोय का?

७ ऑगस्ट, दुपार
केळशीची तेजल. वय चार, हृदयात जन्मापासून भोक, वर न्यूमोनिया. बीपी घसरलेलं. औषध मोठ्या शिरेतूनच द्यायला हवं, म्हणजे लाईन हवी. सोनोग्राफी आणू का, असं सगुणा सिस्टरने विचारलं. मी फक्त बोट वर केलं.
उजवीकडून तीनदा टोचलं. शीर मिळेना. (टेबल फार खाली होतं. शिवाय सिस्टर श्वास मोठ्याने घेत होती.)
मग योगिनी आली. डावीकडून, एका टोच्यात. तेजलच्या आईने, चंपाने, तिला हात जोडले. मी शेजारीच उभा होतो. जळफळाट झाला, लिहायला कसली लाज?

८ ऑगस्ट, सकाळ
आनंदी आनंद! एक्स-रे आला. तिची लाईन छातीत डावीकडेच सरळ खाली गेलीय. शहाणी लाईन उजवीकडे वळते. म्हणजे बाईसाहेबांनी धमनीत घुसवली! योगिनी म्हणाली, दाब मोजलाय, रक्तही तपासलंय, शिरेतच आहे. यंत्रावर जगणारी माणसं!
लाईन काढायची तयारी करा, असं सिस्टरला फर्मावलं. बीपीचं औषध त्याच लाईनमधून चालू होतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. त्याआधी मुंबईच्या हृदयतज्ज्ञांना फोन लावला, तेजलच्या हृदयाची तपासणी पूर्वी त्यांच्याकडेच झालेली. स्पीकरवर. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

८ ऑगस्ट, दुपार
सगळ्यांना ऐकू गेलं.
ते म्हणाले, या मुलीला डाव्या बाजूलाही एक मोठी शीर आहे, हृदयाचे दोष असलेल्या काही मुलांना असते. लाईन अगदी बरोबर आहे, खबरदार हात लावाल तर. औषध तुटलं असतं तर पोर गेली असती. घालणाऱ्याचं अभिनंदन सांगा.
सांगितलं नाही. तिने ऐकलंच होतं.
पण त्यांनी आणखी एक सांगितलं: तेजलची उजवीकडची शीर दोऱ्याएवढी आहे. बघा! म्हणजे माझं बोट बरोबरच होतं. शीरच नव्हती! हे सिस्टरला दोनदा समजावलं. ती म्हणाली, सोनोग्राफीत ते आधीच दिसलं असतं. बायका बायकांचीच बाजू घेणार.

१४ ऑगस्ट
तेजल सावरली. आज ऑपरेशनसाठी मुंबईला निघाली. तिचा माझ्यावर जीव आहे, हे माझं पहिल्यापासूनचं मत. म्हणून मुद्दाम फुगा घेऊन निरोप द्यायला गेलो.
मला बघताच तिने दोन्ही हातांनी मान झाकली आणि भोकाड पसरलं. फार वाईट वाटलं.
चंपा तिला कुशीत घेऊन समजावत होती. भिऊ नको गो, टोचायचं असतं तर मॅडम आल्या असत्या. हे नुसते बघाया आलेत.