कमलबाईंना वर्गात पुन्हा रडू देण्याबाबत

प्रति,
मेहेरबान शाळा तपासनीस साहेब,
प्राथमिक शाळा, नवापूर विभाग

विषय: बालवर्गाच्या हजेरीतील नंबर तेवीस, कमलबाई, वय पस्तीस, यांना पुन्हा वर्गात बसून रडण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: शेरेबुकातील आपला शेरा, ता. ७ फेब्रुवारी १९३९.

महोदय,

१. मी रेवजी आमशा वसावे, वय अदमासे अडुसष्ट, राहणार मोहपाडा, खांडबाऱ्याजवळ. अक्षरे साठीनंतर खांडबारा स्टेशनात पोती उचलताना शिकलो, म्हणून हा अर्ज माझ्याच हातचा आहे. बालवर्गाच्या शिक्षिका कालीबाई ही माझी नात. शाळेत मी तिला बाई म्हणतो.

२. कालीबाई सातवी पास आहेत, पण लहान मुले कशी सांभाळावी हे सातवीत नव्हते. म्हणून बोर्डाने धुळ्याच्या कमलबाईंना दर मंगळवारी वर्गात येऊन त्यांना शिकवायला नेमले. कमलबाई खुर्चीवर बसत नाहीत. मुलांच्या रांगेत बसतात आणि मूल होतात. मातीच्या बैलाला शेपूट तोंडाकडे लावतात, "मला येत नाही" म्हणून भोकाड पसरतात. मग कालीबाईंनी त्यांना समजवायचे. समजूत पटेपर्यंत उठायचे नाही, हा कमलबाईंचा नियम.

३. आमच्या पाड्यात रांगेत बसला त्याला पान वाढतात, कोण कुठला विचारत नाहीत. त्याच रीतीने कालीबाईंनी रांगेतल्या सर्वांना हजेरीत घेतले. कमलबाई तेवीस. नातीला पहिल्या दिवशी धीर द्यायला गेलो तो बसूनच राहिलो, म्हणून मी चोवीस. चूक आमची आहे.

४. आपण आलात तेव्हा कमलबाई शेपटीसाठी रडत होत्या आणि मी त्यांचे नाक पुसत होतो. आपल्याला पाहून कालीबाई घाबरून उभ्या राहिल्या, समजूत अर्धीच राहिली, म्हणून नियमाप्रमाणे कमलबाई तपासणी संपेपर्यंत रडल्या. आपण "सहा वर्षांवरील विद्यार्थी तत्काळ कमी करावेत" असे लिहिलेत. आपल्या जागी मीही तेच लिहिले असते.

५. कमलबाईंनी निरोप पाठवला की साहेबांचा लेखी हुकूम आल्याशिवाय बसता येणार नाही. पुढचा मंगळवार त्यांच्याविना गेला. एकाच वेळी तीन मुले रडली. कालीबाईंनी दोघांना समजावले, तिसऱ्यापाशी त्या स्वतः रडल्या.

६. तेही चालले असते. खरी अडचण पुढे आहे. मुलांना वाटते, कमलबाईंना शेपूट चुकले म्हणून काढले. "आजा, तुलाही काही येत नव्हते का?" असे मला झिपरूने विचारले. तो पाच वर्षांचा. तेव्हापासून वर्गात कोणी चुकत नाही, कारण कोणी काही करतच नाही. माती जशीच्या तशी वाळते. सहा मुले घरी बसली. घरी नात म्हणते, मी राजीनामा लिहिते, आजा, तू अक्षरे तपास. मी चष्मा सापडत नाही असे सांगितले आहे. तो किती दिवस सापडणार नाही?

७. म्हणून विनंती की कमलबाईंना हजेरीत नको, पण रांगेत बसू द्यावे. मला खुशाल कमी करावे. खिडकीबाहेर दगड आहे, तिथून फळा दिसतो, बसून पाहिले आहे.

८. परंतु नुसत्या हुकुमाने मुलांची भीती जाणार नाही. तरी येत्या मंगळवारी आपण स्वतः यावे, कमलबाईंशेजारी बसावे आणि एक बैल करावा. शेपूट कृपा करून चुकवावे. मुलांनी पाहिले पाहिजे की साहेबांचेही चुकते आणि साहेबांनाही कोणी काढत नाही. रडणे आपल्या मर्जीवर. समजूत कालीबाई घालतील, आता त्यांना येते.

आपला नम्र व खिडकीबाहेर बसण्यास राजी,
रेवजी आमशा वसावे
मोहपाडा, ता. १६ फेब्रुवारी १९३९

सोबत:
पालकांचे अंगठे, सतरा. त्यांतला बारीक अंगठा झिपरूचा, ऐकेना.
कमलबाईंचा बैल, एक. शेपटीला धरू नये, तोंडही तिथेच आहे.
ओली माती, फडक्यात बांधून, आपल्या सरावासाठी.